मास्तरांची ट्रायल

शिंप्याला मास्तर म्हणायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे, पण ज्यानं पाडली त्याला आमच्या मास्तरांच्या घरी बोलावून एकदा जाब विचारायला हवा होता. गल्लीत त्यांना दुसरं नावच नव्हतं. दुकानाच्या पाटीवर मास्तर, बिलावर मास्तर, दूधवाल्याच्या हाकेत मास्तर. नवं बिऱ्हाड राहायला आलं की थोड्याच दिवसांत कुणीतरी आई आपल्या पोराला हाताला धरून दुकानाच्या पायरीशी यायची आणि विचारायची, "मास्तर, गणिताची शिकवणी घेता का हो?" मास्तर नाकावरचा चष्मा वर सरकवून पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "गणित नाही हो घेत. पण पँट आखूड झालीय त्याची, ती लांब करून देतो." आई ओशाळायची, पोरगं सुटकेचा श्वास टाकायचं आणि पँट खरोखरच लांब होऊन मिळायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला काउंटर, त्यामागे कापड बेतायचं लांबरुंद टेबल, खिडकीखाली मशीन, आणि भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले बिनबाह्यांचे कोट. मधे एक दार, दारापलीकडे स्वयंपाकघर. तिथून काकू, म्हणजे मास्तरांची बायको, दिवसातून शंभरदा येऊन-जाऊन काजं-बटणं करायच्या, हातशिलाई करायच्या, इस्त्री फिरवायच्या. गॅसवरचं उतू जायला लागलं की सुई तशीच कापडात टोचून पळायच्या आणि आल्यावर त्याच टाक्यापासून पुढे शिवायला घ्यायच्या. मास्तरांना हे कधी जमलं नाही. ते एकदा उठले की संपलं.

मास्तरांची तऱ्हा वेगळी. वायद्याचा दिवस उजाडल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही आणि वायदा मात्र चुकवायचा नाही. गिऱ्हाईक पायरीवर येऊन उभं राहिलं, घड्याळाकडे बघायला लागलं की यांचं मशीन असं पळायचं की बघणाऱ्याला धाप लागावी. "गिऱ्हाईक डोक्यावर बसल्याशिवाय माझा पाय हलत नाही," असं ते अभिमानानं सांगायचे. ज्या कामाला वायदा नाही ते काम त्यांच्या हातून कधी पुरं व्हायचं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा त्यांनी कापून ठेवला तेव्हा लेक शाळेत होती. ती शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी राहायला गेली. पडदा अजून कापलेलाच होता.

आता त्या मास्तर या शब्दानं काय घोटाळा केला ते सांगायला हवं. त्यांचं लग्न जमवलं त्यांच्या आत्यानं. आत्याला बोलायची घाई आणि मुलीकडच्यांना ऐकायची. "मुलगा मास्तर आहे, गल्लीत मान आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही," एवढं सांगून ती मोकळी झाली. यात खोटं एक अक्षर नव्हतं. मुलीच्या वडिलांनी मात्र 'मास्तर' ऐकलं आणि मनातल्या मनात फळा, खडू, हजेरी, सगळं आपलं आपणच उभं केलं. मास्तर म्हटल्यावर शाळा आलीच, ती विचारायची कशाला? लग्नाच्या जेवणात मुलीच्या मामानं कौतुकानं विचारलं, "काय मास्तर, सुट्टी किती दिवसांची?" नवरदेव म्हणाले, "सुट्टी कसली घेऊन बसलात मामा, परवा कोट द्यायचेत!" मामा पोट धरून हसले. त्यांना वाटलं, जावई विनोदी आहे. मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला आणि सासरे घास हातात तसाच धरून बसून राहिले.

त्या संध्याकाळी नवी नवरी याच पुढच्या खोलीत उभी होती. तिनं खुंट्यांवरचे कोट पाहिले, टेबल पाहिलं, मशीन पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे शाळा नाही?"

"नाही," मास्तर म्हणाले. "दुकान आहे."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. रडणं नाही, रुसणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बटणांचा डबा पुढ्यात ओढला आणि कामाला लागली. पुढच्या सगळ्या वर्षांत भांडणं झाली, कुणाच्या संसारात होत नाहीत, पण भांडणात हा विषय तिनं एकदाही काढला नाही. तिनं काढला असता तर बरं झालं असतं. ते 'बरं' मास्तरांना कॉलरमध्ये राहून गेलेल्या टाचणीसारखं बोचत राहिलं. आपण फसवलं नाही, पण ती फसली, आणि हे आपल्या नावापायीच घडलं, एवढं त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

खरं तर मास्तर अगदीच कोरडे नव्हते. लग्नाच्या आधी वर्षभर ते संध्याकाळच्या कॉलेजात जात होते. त्या एका वर्षाच्या भांडवलावर त्यांनी पुढे आयुष्यभर गप्पांचा धंदा केला. दिवसभर वडिलांच्या हाताखाली तुरपाई करायची, दिवेलागणीला तोंड धुऊन, भांग पाडून कॉलेज गाठायचं. दगडी पायऱ्या, लांबच लांब व्हरांडा, वर्गातला एक दिवा कायम फडफडणारा. खाली कँटीनमध्ये काठाला टवका उडालेल्या ग्लासात चहा मिळायचा आणि तो कोणत्या बाजूनं प्यायचा हे जुन्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक असायचं. सगळे दिवसभर कुठं ना कुठं राबून आलेले. कुणाच्या अंगाला पिठाचा वास, कुणाच्या ग्रीसचा. मास्तरांच्या बाकावर लंबू बसायचा. तो छापखान्यात होता, त्याच्या बोटांची शाई वह्यांवर उमटायची आणि वहीवर नाव घालायची गरज पडायची नाही.

इतिहासाचे सर हजेरी घ्यायचे. लंबूला छापखान्यातून निघायला रोज उशीर व्हायचा. त्याचं नाव यायचं आणि नेमके तेव्हाच जिन्यावर त्याच्या बुटांचे आवाज यायचे, धडधड धडधड. सर पेन तसंच वर धरायचे, दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, "येतोय तो. येऊ दे." सगळा वर्ग थांबायचा. लंबू दारात येऊन धापा टाकत "हजर" म्हणायचा आणि मगच पुढचं नाव. हे सांगताना मास्तर हातातली कात्री अजूनही खाली ठेवायचे. पुढे वडिलांची नजर गेली, सुईत दोरा जाईना, दुकान एकट्या मास्तरांवर आलं आणि कॉलेज सुटलं. काही दिवस लंबू रविवारी दुकानात येऊन काय शिकवलं ते सांगायचा. मग त्याला दुसऱ्या गावी काम मिळालं आणि तोही सुटला. 'राहून गेलं' हा शब्द मास्तरांनी त्या वर्षासाठी राखून ठेवला होता.

नव्या संसाराचे ते दिवस बाकी मजेचे होते. कोटाचे, शर्टांचे बेत मास्तर रद्दीच्या वर्तमानपत्रांवर आखायचे आणि कात्रीनं कापून खुंटीला लावायचे. काकू त्यांच्या हाताखालून कागद ओढून घ्यायच्या. "थांबा हो, वाचू द्या आधी." मास्तरांचा हात आखडलेला, खडू वर धरलेला, आणि या टेबलावर कोपरं टेकून वाचतायत. कधी मास्तर आधीच कापून मोकळे झालेले असले की काकू खुंटीवरचे बेत धुंडाळत बसायच्या. बातमीचं डोकं बाहीत, पोट पाठीत आणि शेवट कॉलरमध्ये. "अहो, त्या मोठ्या कॉलरचा बेत कुठाय? तो माणूस सापडला की नाही तेच कळलं नाही मला." मास्तर हसून लोटपोट व्हायचे. त्यांनी कितीतरी माणसांना ही गोष्ट सांगितली होती. बायकोला बातम्यांचं वेड आहे, यापलीकडे त्यांनी तिचा अर्थ कधी लावला नव्हता.

तर अशा या घरात लेक चार दिवस राहायला आली होती. मास्तर सवयीप्रमाणे कॉलेजच्या पायऱ्यांपर्यंत पोचले होते तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, किती दिवस राहून गेलं, राहून गेलं करणार? आता कॉलेज घरी येतं." आणि तिनं आपला जुना टॅब टेबलावर ठेवून दाखवला. ऑनलाइन पदवी. शिकवणारे प्राध्यापक व्हिडिओत. ना वर्ग, ना वेळापत्रक, ना परीक्षेची ठरलेली तारीख. आपल्या सोयीनं शिकायचं, झेपेल तेवढं पुढे जायचं, तयारी झाली की परीक्षा द्यायची. "आणि लगेच काही ठरवायला नको," ती म्हणाली. "पहिला महिना फुकट ट्रायल आहे."

ट्रायल हा शब्द ऐकला आणि मास्तर खुलले. आतापर्यंत ते कॉलेज परक्या भाषेत बोलत होतं, आता एकदम दुकानातलं बोललं. "ट्रायल म्हणजे काय, मला सांग," ते लेकीला सांगायला लागले. "कोट कच्च्या टाक्यांवर उभा करायचा आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा. हात वर कर म्हणायचं, खाली बस म्हणायचं. काखेत आवळत असेल तर तिथंच बोलायचं, ट्रायलला भीड धरायची नाही. एकदा पक्की टीप पडली की मग जन्मभर हात खाली धरून फिरावं लागतं."

"मग घाला अंगावर," लेक म्हणाली. तिनं सगळं जोडून दिलं आणि आपल्या गावी गेली.

शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्यानं हे ऐकलं तेव्हा तो हातातली काच पुसायची थांबला. चष्मेवाला मास्तरांचा लहानपणापासूनचा मित्र, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही. "या वयात डिग्री? कोटाला अस्तर म्हणून लावणार की काय?"

"राहून गेलंय रे," मास्तर म्हणाले.

खरं कारण त्यांनी चष्मेवाल्याला सांगितलं नाही, पण आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही. डिग्री मिळवायची, ती बायकोपुढे ठेवायची आणि म्हणायचं, घे, तुला मास्तर सांगितला होता ना, हा घे मास्तर. उशीर झाला, पण वायदा पाळला. एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांना फार मनापासून हवं होतं.

पहिल्या दिवशी मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टॅबसमोर बसले. टॅब इस्त्रीला टेकवून उभा केलेला. काकू बटणं लावता लावता म्हणाल्या, "अहो, त्यांना तुम्ही दिसत नाही."

"मला ते दिसतायत ना!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही उघडून समास आखला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं नऊसुद्धा भरले नाहीत. प्राध्यापक चांगले होते, समजावून सांगत होते, जुन्या शहरांचा इतिहास होता, विषयही मास्तरांच्या आवडीचा. पण त्यांना मधेच थांबवता यायचं आणि इथंच घोडं पेंड खात होतं. गिऱ्हाईक आलं, थांबवा. चहा आला, थांबवा. डोळा लागला, थांबवायचंही राहिलं. बिचारे प्राध्यापक एक हात वर करून, तोंड उघडं ठेवून दिवसचे दिवस तसेच उभे असायचे. मास्तर परत आले की पडद्यावर अदबीनं विचारलं जायचं, पुढे सुरू करायचं का? का आला नाहीस, कुठं होतास, काल काय झालं, काही म्हणून नाही. इतकी नम्रता मास्तरांना सोसेना. ज्याला घाई नाही त्याचं काम त्यांनी जन्मात वेळेवर केलं नव्हतं, आणि इथं तर गिऱ्हाईकही आपण आणि शिंपीही आपणच.

शेवटी त्यांनी चष्मेवाल्याला गळ घातली. "तू रोज दुपारी ये आणि माझ्या डोक्यावर उभा राहा. धडा झाला का विचार. नाही झाला तर शिव्या घाल."

"शिव्यांचं मी बघतो," चष्मेवाला म्हणाला. हे काम त्याला मानवणारं होतं.

तो आला, स्टुलावर बसला, टॅबवरचा प्रश्न मोठ्यानं वाचला. मास्तरांनी उत्तर द्यायला सुरुवात केली ती कॉलेजातल्या सरांपासून. सर हा भाग कसा शिकवायचे, नकाशा उलटा लागला होता तेव्हा काय मजा झाली, लंबू कसा खिडकीतून आत आला. प्रश्न राहिला बाजूला आणि गप्पा कँटीनच्या टवका उडालेल्या ग्लासापर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्यानं टॅब पालथा घातला आणि म्हणाला, "रागावू नकोस. तुला डिग्री नकोय. तुला लंबू हवाय."

मास्तर रागावले. "तू चष्मे वीक," असं काहीतरी बोललेसुद्धा. पण तो गेल्यावर त्यांनी टॅब सरळ केला. तो बोलला ते खरं होतं. शहरांचा इतिहास त्यांना आवडायचा तो सरांच्या आवाजात, फडफडत्या दिव्याखाली, शेजारी शाईचा वास असताना. जिन्यावर बूट वाजावेत आणि कुणीतरी आपल्यासाठी पेन वर धरून थांबावं, हे त्या टॅबमध्ये मिळणार नव्हतं. तो बिचारा टॅब तरी काय करणार? ते संध्याकाळचं कॉलेज त्यांच्यासाठी चांगलंच होतं, फक्त ते आता कुठंच नव्हतं. मास्तरांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. काखेत आवळतंय हे कळलं होतं, फक्त तोंडानं बोलायचं बाकी होतं. पण बोललं की बायकोला द्यायचं तेही गेलं, म्हणून ते मूग गिळून गप्प राहिले.

त्यानंतर मास्तरांनी टॅबकडे बघणंच सोडलं. एका दुपारी ते एका वकिलाचा कोट पोचवायला गेले होते. परत आले तर दुकानातून काकूंचा चढा आवाज. "नाही हो, असं कसं? मघाशी तुम्हीच म्हणालात!" गिऱ्हाइकाशी वाजलं वाटतं. काकू कधी गिऱ्हाइकाशी भांडायच्या नाहीत, तेव्हा माणूस नक्कीच वात्रट असणार. ते लगबगीनं पायरीपर्यंत आले आणि थांबले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच. काकू स्टुलावर बसून शर्टाला बटण लावत होत्या आणि समोर टॅबमध्ये प्राध्यापक हात वर करून उभे होते, काकूंनीच थांबवलेले. "आधी वस्ती आणि मग बाजार, असं सांगितलंत ना? मग आता म्हणता बाजाराभोवती वस्ती झाली. दोन्हींतलं खरं काय?" प्राध्यापक गप्प. काकूंनी दोरा दातानं तोडला, बोटानं व्हिडिओ मागे नेला आणि पुन्हा ऐकला. तेवढ्यात आत काहीतरी शिजल्याची चाहूल लागली. त्यांनी प्राध्यापकांना थांबवलं, आत गेल्या, गॅस बंद करून आल्या आणि जिथं सोडलं होतं तिथून त्यांना पुन्हा बोलतं केलं. थोडा वेळ ऐकून मान हलवली. "हां, म्हणजे दोन तऱ्हेची शहरं. मग तसं सांगायचं की आधी."

मास्तर पायरीवर उभे होते ते उभेच. टॅब त्यांचा, ट्रायल त्यांची, आणि तो कोट दुसऱ्याच माणसाच्या अंगावर सुरकुतीशिवाय बसला होता.

"किती झालं?" त्यांनी आत येत विचारलं.

काकूंनी दचकून टॅब पालथा केला. चोरी पकडल्यासारखा चेहरा. "काय किती झालं?"

"शहरांचं."

"शहरांचं झालं," काकू खाली बघत म्हणाल्या. "आता नद्यांचं चाललंय. तुम्ही बघत नव्हता म्हणून म्हटलं, वाया कशाला घालवायचं. मी काही बिघडवलं नाही हो."

मास्तर टेबलाला टेकले. "मी हे तुझ्यासाठी करत होतो," ते म्हणाले. आता बोलायचंच तर सगळं बोलावं, म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. लग्नातलं जेवण, मामांचा प्रश्न, सासऱ्यांचा हातातला घास, ते 'बरं'. "तुला मास्तराशी लग्न करायचं होतं आणि पदरात शिंपी पडला. तेवढं तरी भरून काढावं म्हटलं."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "अहो, मला मास्तरीणबाई म्हणवून घ्यायचं नव्हतं काही. मानाचं काय करायचंय?"

"मग?"

"मला वाटलं होतं, घरातच शाळा असेल. शाळेचा शेवटचा निकाल लागला आणि वडील म्हणाले, आता बास. मग तुमचं स्थळ आलं. म्हटलं, मास्तर आहे तर घरी पुस्तकं असतील, वह्या तपासायला आणत असेल. रोज संध्याकाळी थोडं थोडं विचारून घेऊ, आपलंही पुढचं होईल. एवढाच हिशेब होता माझा." त्यांनी शर्टाची घडी घातली. "दुकान आहे म्हणालात. म्हटलं, बरं. दुकान तर दुकान. माणूस चांगला होता."

इतकी वर्षं मास्तर एका अपमानाची भरपाई करू बघत होते, जो झालाच नव्हता. आणि जे खरं गेलं होतं, ते रोज त्यांच्या टेबलावर कोपरं टेकून बाही-कॉलर जुळवत वाचत बसलं होतं आणि ते लोकांना सांगून हसत होते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी उगाचच कात्री उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

"मग तू घे ही डिग्री," ते शेवटी म्हणाले.

"वेड लागलंय का? आता? आणि बटणं कोण लावणार? स्वयंपाक कोण करणार?"

"तुला जमतंय. मला नाही जमलं. मला माणूस लागतो समोर. तू एक टाका घालतेस, उठतेस, परत येऊन त्याच टाक्यापासून घेतेस. हे असलं शिक्षण तुझ्यासारख्यांसाठीच काढलंय."

"त्यात काय मोठं? आम्हां बायकांना सलग काही मिळतंय कुठं?" काकू म्हणाल्या. "सगळा जन्म तुकड्या-तुकड्यांनी जोडलाय. पण ते घरातलं काम. ही परीक्षा आहे. नापास झाले म्हणजे? चष्मेवाले भावोजी गल्लीभर करतील."

"त्याचे दात मी घशात घालतो," मास्तर म्हणाले. पण काकू आत निघून गेल्या आणि त्यांनी भांडी जरा जास्तच आवाज करत घासायला घेतली. त्या आवाजावरून मास्तरांना कळलं की तिला हवंय, आणि हवंय म्हणूनच ती घाबरलीय.

ते आणखी काही बोलले नाहीत. बोलून ती ऐकली नसती. फक्त ते रोज दुपारी टॅब पुसून तिच्या स्टुलासमोर ठेवायचे आणि काहीतरी निमित्त काढून चष्मेवाल्याकडे जाऊन बसायचे. परत आले की नद्या थोड्या पुढे सरकलेल्या असायच्या. कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

ट्रायलचा महिना संपत आला तसा एका सकाळी कॉलेजातून फोन आला. सल्ला देणारी मुलगी होती, आवाजावरून त्यांच्या लेकीच्या वयाची. "सर, तुमची ट्रायल संपतेय. कोर्स कसा वाटला? तुम्हाला सूट होतोय का?"

काकू खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होत्या. त्यांचा हात थांबला.

मास्तरांनी ते पाहिलं. "मला नाही झाला," ते म्हणाले. "तुमचं चुकलं नाही काही. मला पुढे ढकलणारं कुणी नसलं की मी जागचा हलत नाही, हा माझाच स्वभाव आहे. पण ट्रायल फुकट गेली नाही. थांबा, ज्यांनी शिकून घेतलंय त्यांनाच देतो." आणि त्यांनी फोन सरळ काकूंच्या पुढे धरला.

काकूंनी मान जोरजोरात हलवली. हातानं नको नको म्हणाल्या. दोन्ही ओठांत दोरा, त्यामुळे रागवायचीही सोय नाही. मास्तर फोन धरून तसेच उभे राहिले. हात त्यांनी मागे घेतला नाही.

"हॅलो?" फोनमधून मुलीचा आवाज आला. "मॅडम, आहात का?"

काकूंनी ओठांतला दोरा काढला. पदराला हात पुसले, जसे पाहुण्यांसमोर जाताना पुसायच्या. फोन घेतला आणि कानाला लावला.

"आहे," त्या म्हणाल्या.

मुलगी विचारत गेली. मास्तरांना दोन्ही बाजू ऐकू येत होत्या, फोन जुना होता आणि आवाज मोठा.

"शिक्षण किती झालंय मॅडम?"

"शाळा पूर्ण झालीय. पास आहे."

"आणि मधे खंड किती पडला?"

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. खुंट्या, कोट, टेबल, टेबलाशी उभा असलेला नवरा. "एक संसार झाला, तेवढा," त्या म्हणाल्या.

मुलगी हसली. चांगली होती बिचारी, धीर द्यायचा म्हणून मायेनं म्हणाली, "काहीच हरकत नाही मॅडम. आपल्याकडे कसली घाई नसते. तुम्ही तुमच्या सवडीनं करा. कितीही वर्षं लागली तरी चालेल."

"नाही गं बाळा," काकू म्हणाल्या. "तुम्हाला नसेल. मला आहे घाई. मला फार घाई आहे."

आणि ती मुलगी काही बोलायच्या आत त्यांनी आपलं नाव, अक्षर न् अक्षर सुटं करून, सांगायला सुरुवात केली.